काळ्या तुकड्याची जागा

त्यागाची स्तुती करणारे शब्द आपल्याकडे विपुल आहेत. जो सोडतो तो थोर, असे आपण बालपणापासून ऐकत आलो, आणि ते असत्य नाही. परंतु अत्याग नावाचाही एक गुण आहे. त्याची स्तोत्रे फारशी कोणी रचली नाहीत. वाट्याला आलेले काहीही हातातून न टाकणे, मग ते गैरसोयीचे असो, लाजिरवाणे असो, एकमेकांशी न जुळणारे असो, आणि ते सगळे एकाच ओटीत घालून आयुष्यभर वाहणे, हे तप वरवर लोभासारखे दिसते. म्हणून ते पुष्कळदा ओळखू येत नाही. किर्गिझ डोंगरांतल्या कोकझार खोऱ्यात एक स्त्री हे तप करून गेली, आणि तिलाही आपण काही तप करीत आहोत असे कधी वाटले नसावे.

तिचे नाव क्लारा. महायुद्धाच्या काळात व्होल्गाकाठच्या ज्या जर्मन वस्त्या उठवून पूर्वेकडे धाडल्या गेल्या, त्यांतल्या कास्पर लाउटर नावाच्या तरुणाला कोकझारच्या युरेनियमच्या खाणीत कामाला लावले होते. खोऱ्यातल्या मेंढपाळाची मुलगी कुमुशाय हिने त्याच्याशी लग्न केले, तेव्हा तिच्या बापाने वर्षभर तिच्या हातचा चहा घेतला नाही. पुढे मुलगी झाली आणि दोन्ही घरांच्या जिभेला जड जाणार नाही असे नाव शोधण्यात आले. क्लारा हे नाव त्या काळी किर्गिझ मुलींनाही सर्रास ठेवीत. मुलीचे केस पिकल्या गव्हाचे, डोळे मात्र आईचे, अरुंद आणि तिरपे. शाळेतली मुले तिला पिवळी म्हणत, आणि खाणीच्या चाळीतल्या जर्मन म्हाताऱ्या तिच्याकडे पाहून सुस्कारा टाकीत. दोन्हींचा अर्थ एकच होता.

कास्परची फुप्फुसे खाणीने खाल्ली. क्लारा शाळेत असतानाच तो गेला. नदीपलीकडे एक सपाट पठार आहे. खाणीवर मेलेल्या जर्मनांना तिथे पुरीत. लाकडी खुणांवर बर्फापावसापासून जपायला लहानलहान छपरे ठोकलेली असत, त्यामुळे लांबून ते पठार बाहुल्यांच्या गावासारखे दिसे. कुमुशाय पुढे वारली ती मात्र तिच्या कुळाच्या कबरस्तानात, खोऱ्याच्या वरच्या अंगाला निजली. अशा रीतीने क्लाराचे आईबाप नदीच्या दोन तीरांना राहिले, आणि दोघांना भेटायचे तर दर वेळी तिला पूल ओलांडावा लागे.

सोळाव्या वर्षी ओळखपत्र काढताना कारकुनाने वंश विचारला. तिने किर्गिझ सांगितले. आडनाव लाउटरच राहिले. त्या दिवशी घरी आल्यावर भिंतीवरच्या बापाच्या फोटोकडे तिने मान वर करून पाहिले नाही, एवढेच तिने पुढे कधीतरी मामेबहिणीजवळ बोलून दाखवले होते.

पुढे देश बदलला, खाण बंद पडली, आणि चाळीतले जर्मन एकामागून एक जर्मनीला निघून गेले. तिची आत्याही गेली. जाताना तिने पुष्कळ विनवले, आणि पोरगी हलत नाही असे पाहून शेवटी म्हणाली, "मग कास्परकडे लक्ष ठेव." क्लाराने तो शब्द शब्दशः घेतला नाही. दर वसंतात ती पठारावर जाई आणि बापाच्या थडग्याबरोबर सगळीच साफ करी; उडालेली छपरे पुन्हा ठोकी. बहुतेकांची नावेही तिला ठाऊक नव्हती. तिचा नवरा लवकर गेला होता, मूल नव्हते. उपजीविकेला शिर्दाक होते.

शिर्दाक म्हणजे नमद्यावर नक्षी घातलेली जाड चटई. खोऱ्यातल्या बायका लोकर पसरून, उकळते पाणी शिंपडून, बोरूच्या चटईत गुंडाळून, दोरांनी ओढत लाटून नमदा करतात. हे काम एकटीचे नव्हेच. मग एक पांढरा आणि एक काळा नमदा एकावर एक ठेवून नक्षी दोन्हींतून एकदमच कापतात. पांढऱ्यातून निघालेला आकार काळ्यात बसतो, काळ्यातून निघालेला पांढऱ्यात. एका कापणीतून दोन जुळ्या चटया होतात, रंगांनी एकमेकींच्या उलट, आणि एक चिंधीही वाया जात नाही. क्लारा-अपा, म्हणजे सगळ्यांची क्लाराताई, खोऱ्यातली कापणारी होती. तिची सुरी चालत असताना बायका बोलणे थांबवीत.

खाण गेली, पण खाणीचा गाळ नदीकाठी ढीग होऊन पडला होता. वर मातीचा थर, त्यावर गवत, गवतावर शेळ्या. दरडी सरकू लागल्या तेव्हा लोक घाबरले, कारण ढीग नदीत गेला असता तर खालच्या सगळ्या गावांच्या पिण्याच्या पाण्यात ते विष गेले असते. अखेर ढीग हलवण्याची योजना आली. अभियंत्यांनी दोन जागा योग्य ठरवल्या. एक नदीपलीकडचे पठार: जवळची, सोपी. दुसरी चोन-साय ही वरची घळ: दूरची, अवघड, पण तितकीच भक्कम. अहवालात पठारापुढे लिहिले होते, वापरात नसलेली जमीन. सुगी सरल्यावर जुन्या क्लबच्या सभागृहात अकिमसमोर, म्हणजे जिल्ह्याच्या प्रमुखासमोर, सुनावणी होणार होती. कोणी हरकत घेतली नाही तर कास्पर लाउटर आणि त्याचे सोबती विषाच्या ढिगाखाली जाणार होते, आणि हरकत घेण्याजोगे कोणी खोऱ्यात उरले नव्हते. क्लारा-अपाखेरीज.

कल्पना काढली तिच्या मामेबहिणीने, उरकुयाने. उरकुया क्लाराहून थोडी मोठी, म्हणून तिची एजे, हाडापेराने दणकट, आणि जिभेने त्याहून.

"सुनावणीत काय होणार मला पाठ आहे," ती बायकांना म्हणाली. "पुरुष बोलणार, अकिम मान हलवणार, चहा होणार. आपण शिर्दाक घालू या. अख्खं खोरं काढू त्यावर: नदी, ढीग, घरं. कानावर पडलेलं विसरतात, पायाखाली आलेलं बघावंच लागतं. क्लारा, तू काप."

नमदे तयार झाले. म्हाताऱ्यांनी ओंजळी उघडून आशीर्वाद दिला, बोरसोकच्या तळलेल्या पुऱ्यांचा घाणा निघाला, आणि क्लारा-अपाने खडूने खोरे रेखून सुरी धरली. नदी निघाली. डोंगर निघाले, मेंढ्याच्या शिंगांसारखे वळलेले. मग तिची सुरी नदीपलीकडे गेली आणि पठाराच्या पोटात चिमुकले, दोन उतारांचे आकार कापू लागली.

उरकुया गुडघ्यांवर पुढे सरकली. "हे काय? ही कौलं कुणाच्या घराची?"

"पठारावरची आहेत."

"थडगी? अगं, बसायच्या चटईवर थडगी? उद्या पाहुण्याला काय सांगायचं, जरा सरकून बसा, खाली माणूस झोपलाय?"

बायका हसल्या. क्लारा-अपा हसली नाही. "खोरं काढायचं ठरलं होतं. ते खोऱ्यात आहेत."

"खोऱ्यात कुत्रीही आहेत. ती काढलीस?"

"एकच भुंकणारं राहिलंय. सांग, कुठं काढू?"

आता हशा उरकुयाच्या अंगावर आला. तिने तो झटकला आणि दुसरीकडे बोट ठेवले. "बरं, आणि चोन-साय एवढी वाटोळी कधीपासून झाली? जिभेसारखी लांबट घळ ती. तू तिला पठाराच्याच मापानं कापलंस. डोळे गेले का तुझे?"

क्लारा-अपाने त्या कापलेल्या जागेवर तळहात ठेवला. चोन-सायचा आकार तिला ठाऊक नव्हता असे कसे होईल? ती आजोळची घळ. लग्नापूर्वी कुमुशाय तिथे मेंढ्यांची वीण सांभाळायची, पुढे मुलीला पाठीवर बांधून न्यायची. आजही उरकुयाचा कळप वसंतात तिथेच वितो. पण हात एकाच मापाने चालला होता, आणि का चालला हे हातालाच आधी कळले होते. ते मनाला कळू लागले तशी तिला भीती वाटली. नमदा एकदा कापला की परत सांधत नाही.

"सुरी चालली तशी चालली," ती म्हणाली.

त्याच संध्याकाळी उरकुया एकटीच तिच्या घरी आली. क्लारा-अपाने दस्तरखान अंथरले, भाकरी ठेवली, चहा ओतला. उरकुयाने कशालाच हात लावला नाही.

"मला कळलं," ती म्हणाली. "दोन जागा एका मापाच्या केल्यास. ढिगाचा तुकडा इथेही बसेल, तिथेही बसेल. पठारावरून उचलून तू तो आमच्या घळीत टाकणार."

"मी अजून काही ठरवलं नाही, एजे."

"तुझ्या सुरीनं ठरवलं! अगं, तुझ्या आईची नाळ पुरलीय चोन-सायमध्ये. माझ्या मेंढ्या तिथे वितात. आणि कुणासाठी हे? त्यांची माणसं विमानात बसून गेली, एकानं वळून पाहिलं नाही. मेलेल्यांना विषाचं काय गं? ते आणखी मरणार आहेत?"

 क्लारा-अपाने मान खाली घातली. तेवढ्याने थांबती तर ती उरकुया कसली!

"तू अर्धी तिकडची, अर्धी इकडची. म्हणून तुला इकडचंही अर्धंच दुखतं."

"अर्धं नाही, एजे," क्लारा-अपा सावकाश म्हणाली. "दोन्हीकडून पुरतंच दुखतं."

उरकुया उठली आणि भाकरीचा तुकडा न मोडता निघून गेली. त्या खोऱ्यात कितीही घाईचा माणूस उंबऱ्यावर उभ्याउभ्या एक घास तोंडात टाकल्याशिवाय जात नाही. शिवी देऊन जाणे चालते, भाकरी न मोडता जाणे चालत नाही. क्लारा-अपाने ती अखंड भाकरी तशीच गुंडाळून ठेवली.

पुढचे दिवस बायका शिवायला येत राहिल्या. उरकुया आली नाही. शिर्दाकाच्या प्रत्येक सांध्यावरून एक गोफ शिवतात. त्याचे एक सूत उजव्या पिळाचे लागते आणि एक डाव्या पिळाचे, तेव्हाच तो गोफ सांध्यावर सरळ बसतो. उजवा पीळ कोणीही घालते. डावा पीळ घालणारा हात खोऱ्यात एकच होता, आणि तो रुसला होता. काम अडले. कोणी बोलावणे करायला धजेना. मग एके सकाळी क्लारा-अपाने फाटक उघडले, तो कडीला सुताचा मोठा गुंडा लटकत होता. डाव्या पिळाचा. निरोप नाही, काही नाही. तिने तो कपाळाला लावून घरात नेला.

पांढऱ्या खोऱ्याची चटई पुरी झाली. दोन जागा मात्र शिवायच्या राहिल्या: पठार आणि चोन-साय. त्यांत बसवायला दोन तुकडे होते, एक काळा, म्हणजे विषाचा ढीग, आणि एक पांढरा, ज्यावर ती छपरे होती. सुनावणीत लोक ठरवतील तसे शिवू, असे बायका म्हणाल्या. पण क्लारा-अपाने चूपचाप बसवून पाहिले होते. काळा तुकडा पठारात बसवला की छपरांचा पांढरा तुकडा चोन-सायच्या भोकात घालावा लागे, आणि तिथे ती छपरे कोणाचीच नव्हती.

सुनावणीच्या दिवशी बायकांनी शिर्दाक दारापासून टेबलापर्यंत अंथरले. बाजूने जायला वाट उरली नाही. अकिम आले, मागे कागद घेतलेला अभियंता, मागे गावातले सर्वांत वडील तोक्तोसुन आका. खोऱ्याच्या कडेशी आका थांबले, काठी टेकली, वाकले, आणि बूट काढू लागले.

"आका, असू द्या, पलीकडे खुर्च्या आहेत," अकिम म्हणाले.

"खुर्च्यांपर्यंत जायचं तर नदी तुडवावी लागेल, बाळा. शिर्दाकावर बुटांनी कोण चढतं? काढ."

अकिमांनी काढले. अभियंत्यानेही काढले, आणि त्याच्या मोज्यातून अंगठा बाहेर आलेला पाहून मागच्या रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "बायको माहेरी गेलीय वाटतं." ज्या सभेत कोणी हसायचे नाही ती सभा हसत हसत जमिनीवर, चटईच्या कडेकडेने बसली.

अकिमांनी दोन भोकांकडे बोट केले. "हे अपुरं का?"

बायकांनी क्लारा-अपाला कोपराने ढोसले. ती उभी राहिली. तिने काळा तुकडा उचलून दाखवला. "हा ढीग. तुमच्या कागदात त्याची जागा पठारावर आहे." तिने तो तिथे बसवला, तो चपखल बसला. मग छपरांचा तुकडा तिने दोन्ही हातांवर धरला. "आता यांना कुठे ठेवू, ते सांगा."

 अभियंत्याने कागद चाळले आणि तो सौम्य आवाजातच म्हणाला, "थडग्यांना वारस नाहीत, असं नोंदलंय."

"मी आहे. कास्पर लाउटरची मुलगी."

"आपल्या ओळखपत्रावर वंश किर्गिझ आहे, अपा. बाकीच्या थडग्यांविषयी आपण कुठल्या नात्यानं बोलणार?"

"मग चोन-साय घ्या," क्लारा-अपा म्हणाली.  "ती माझ्या आजोळची आहे."

मागून कोणीतरी हसले. "लाउटर आडनावाची चोन-साय! उद्या म्हणशील डोंगर व्होल्गाचा."

अकिमांनी हात वर करून हशा थांबवला, पण विचारले तेच. "इथे आपण जर्मन ठरत नाही, तिथे किर्गिझ ठरत नाही. मग अपा, आपण बोलता आहात कुणाच्या वतीनं?"

क्लारा-अपाने आयुष्यात हा प्रश्न पुष्कळांच्या तोंडून ऐकला होता, पण असा, सभेत, सगळ्यांच्या देखत, कधी नाही. ती गुडघ्यांवर बसली. तिने पठारावरचा काळा तुकडा बोटांनी उचकटून काढला, त्या जागी छपरांचा पांढरा तुकडा दाबून बसवला, आणि मग गुडघे घासत चटईच्या वरच्या अंगाला गेली. ज्या घळीत आईने तिला पाठीवरून उतरवून पहिल्यांदा गवतावर ठेवले होते, त्या घळीत तिने तो काळा तुकडा ठेवला. हात त्यावरून काही उचलेना.

बायकांच्या रांगेतून उरकुया उठली. ती आता तुकडा उपटून भिरकावणार, असेच सर्वांना वाटले.

"ही माझ्या आत्याची मुलगी," उरकुया अकिमांना म्हणाली. "वतीनं काय विचारता? चोन-सायचा हक्क विचारायचा तर मला विचारा. माझ्या मेंढ्या वितात तिथे."

"मग आपलं काय म्हणणं?"

उरकुया त्या काळ्या तुकड्याकडे आणि त्यावरच्या हाताकडे पाहत राहिली. तिने खालचा ओठ दातांखाली धरला.

"म्हणणं काय असणार," ती अखेर म्हणाली. "मेंढ्यांना चार पाय आहेत, दुसरीकडे जातील. त्या बिचाऱ्यांना उठून कुठं जाता येतंय?" मग तिने डोक्याच्या रुमालात खोचलेली सुई काढली आणि बहिणीशेजारी बसली. "सरक तिकडे. तुझा टाका कायम सैल. पोरं ओढून काढतील."

दोघी शिवत असताना सुनावणी चालू राहिली. तोक्तोसुन आकांनी एवढेच म्हटले की गावाला ढीग नदीपासून हलवून हवा आहे, कोणाच्या उरावर नको. अभियंत्याने कबूल केले की चोन-साय दूर असली तरी धोक्याची नाही. निर्णय त्या दिवशी झाला नाही. असे निर्णय एका बैठकीत होत नाहीत. पण पठारापुढची 'वापरात नसलेली जमीन' ही ओळ अहवालातून वगळण्यात आली.

सभा संपल्यावर उरकुया पूल उतरून सरळ क्लारा-अपाच्या घरी गेली आणि दारातूनच म्हणाली, "भाकरी आहे का? त्या दिवशीची राहिलीय माझी."

हे सुखान्त आहे असे कोणी समजू नये. निर्णय झाला तेव्हा चोन-साय गेली. त्यानंतरच्या वसंतात उरकुयाचा कळप लांबच्या उतारावर न्यावा लागला, वाटेत कोकरे दगावली, आणि प्रत्येक कोकराची बातमी तिने बहिणीला न चुकता पोचवली. क्लारा-अपा ऐकून घेई. पुढे ढीग हलवायला सुरुवात झाली. पहिली मालमोटार आईच्या घळीकडे चढताना तिने फाटकाशी उभे राहून पाहिली, आणि मग आत जाऊन ती दिवसभर बाहेर आली नाही. जन्मभर तिने काही टाकले नव्हते. हे मात्र तिने स्वतःच्या हातांनी टाकले होते, आणि ते टाकल्याशिवाय दुसरे धरून ठेवता येत नव्हते. अत्यागालाही कधीतरी एवढे मोल द्यावे लागते, हे तिच्याइतके कोणाला कळले असेल, ठाऊक नाही.

काळ्या खोऱ्याची जुळी चटई त्या दोघींनीच एका हिवाळ्यात शिवून पुरी केली, सगळा वेळ भांडत. त्यानंतर काही वर्षांनी क्लारा-अपा गेली. कुठे पुरायचे हे तिने सांगून ठेवले नव्हते, उरकुयाने विचारले तेव्हा म्हणाली होती, "पूल आहेच की." तिला आईशेजारी ठेवले. पठारावर उरकुयाने एक रिकामे छप्पर ठोकून घेतले. त्याच्याखाली कोणी नाही.

चोन-सायमध्ये आता मेंढ्या जात नाहीत. पठारावर गवत आहे, आणि वसंतात उरकुया कुरकुरत तिथली थडगी साफ करते. पांढरी चटई क्लबमध्ये आहे. तिच्या काळ्या तुकड्याला एका बाजूने घट्ट टाके आहेत, दुसऱ्या बाजूने सैल. काळी चटई उरकुयाच्या घरी आहे. पाहुणे तीवरच बसतात. जिथे छपरे आहेत, त्या जागी उरकुया पाहुणे यायच्या आधी उशी ठेवते.